लोखंडी क्रूस आणि त्याचा कागद

गेल्या दोन अंकांत आपण हुंड्यांचे जुने कागद आणि संस्थानी मुद्रांक यांची ओळख करून घेतली. त्यावर आलेल्या पत्रांत एक पृच्छा वारंवार होती : जुन्या पदकांचा संग्रह करतात तो कसा, आणि परक्या देशाचे पदक समोर आले तर त्याची पारख कशाच्या आधारे करावी? पदकांचे विश्व अफाट आहे, म्हणून मी त्यातील एकच दालन उघडतो, जर्मन सैनिकी पदकांचे. या दालनात बनावट मालाचा सुळसुळाट फार आहे, आणि त्याच कारणाने पारखीचे धडेही येथे चांगले मिळतात.

प्रारंभ लोखंडी क्रूसापासून करणे इष्ट. काळा, रुपेरी काठाचा हा क्रूस लिलावगृहांच्या सूचीत हमखास आढळतो. उलटून पाहावे तर मागील बाजूस वर मुकुट आणि ‘एफ डब्ल्यू’ ही अक्षरे, मध्ये ओकच्या पानांची डहाळी आणि तळाशी १८१३ हे वर्ष. नवखा ग्राहक १८१३ वाचतो आणि दोनशे वर्षांपूर्वीची वस्तू हाती लागली म्हणून हरखून जातो. वस्तुस्थिती अशी की, हे वर्ष पदकाच्या जन्माचे आहे, त्या नगाच्या घडणीचे नव्हे. नगाचे खरे वय समोरच्या बाजूला असते. तेथे १८७० असेल तर तो फ्रान्स-प्रशिया युद्धाचा, १९१४ असेल तर पहिल्या महायुद्धाचा, १९३९ असेल तर दुसऱ्याचा. मूळ १८१३ च्या क्रूसाची समोरची बाजू कोरी होती. म्हणजे ज्यावर समोर काहीच लिहिलेले नाही, तोच सर्वांत जुना.

या पदकाच्या जन्माची कथा व्यापारी मनाला भिडेल अशी आहे. नेपोलियनच्या युद्धांनी प्रशियाचा खजिना रिता झाला होता. राजा तिसरा फ्रीड्रिश विल्हेल्म याने १० मार्च १८१३ रोजीच्या तारखेने ब्रेस्लाउ (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथे हे पदक स्थापन केले. १० मार्च ही त्याच्या दिवंगत राणीची, लुईझेची, जन्मतिथी. आराखडा वास्तुविशारद कार्ल फ्रीड्रिश शिंकेल याचा. सोन्यारुप्याऐवजी लोखंड निवडले गेले, त्यात काटकसर होती आणि काळाच्या कठोरपणाची खूणही होती. शिवाय तोवर मानाची पदके दर्जा पाहून मिळत. हा क्रूस साध्या शिपायालाही तोच आणि सेनापतीलाही तोच. त्याच सुमारास घरोघरच्या स्त्रियांनी आपले दागिने देशकार्याला देऊन बदल्यात लोखंडाच्या अंगठ्या घेतल्या. ‘सोने देऊन मी लोखंड घेतले’ अशा अर्थाचे शब्द त्यांवर असत. १९१४ नंतर हीच प्रथा पुन्हा उचलली गेली. या अंगठ्याही आज संग्राहक जपतात, आणि माझ्या मते कित्येक पदकांपेक्षा त्या अधिक बोलक्या आहेत.

१८७० साली राजा पहिला विल्हेल्म याने हे पदक पुन्हा सुरू केले ते १९ जुलै रोजी. ती लुईझेची पुण्यतिथी होती, आणि विल्हेल्म हा तिचा पुत्र. फ्रान्सने युद्ध पुकारले तेही त्याच दिवशी.

आता प्रत्यक्ष पारखीकडे वळू. आपल्या वाचकांत सराफी पेढ्यांची घरे पुष्कळ आहेत. त्यांना पुढील मजकूर चटकन उमगेल. १९१४ चा दुसऱ्या वर्गाचा अस्सल क्रूस एकसंध नसतो. तो तीन भागांचा असतो : मध्ये ठशाने पाडलेला आणि काळा रंगवलेला लोखंडी गाभा, आणि त्याला पुढून-मागून कवटाळणारे चांदीच्या चौकटीचे दोन अर्धे भाग, कडेने झाळलेले. भिंगातून कडेवर हा सांधा बारीक रेषेसारखा दिसतो, चांगल्या कारागिराने तो घासून जवळजवळ नाहीसा केलेला असतो. नकली नग बहुधा एकाच तुकड्यात ओतलेला असतो. ओतीव धातूचे दोष आपण सारे जाणतो : पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, अक्षरांच्या कडा बोथट, मण्यांच्या ओळीत दोन मण्यांमधली जागा भरलेली. शिवाय अस्सल नगावरून साचा काढून ओतलेली नक्कल थंड होताना आकसते. म्हणून ती मूळ नगापेक्षा किंचित लहान भरते. अस्सल क्रूस सुमारे ४२ मिलिमीटरचा असतो. मोजपट्टी खिशात ठेवणाऱ्याची फसवणूक निम्म्याने कमी होते, असे मी मानतो.

लोहचुंबकाची कसोटी सर्वांना ठाऊक असते. गाभा लोखंडी, म्हणून चुंबक धरतो. परंतु तेवढ्यावर निकाल देऊ नये. नकली क्रूस लोखंडी पत्र्याचाही करता येतो. उलट काही अस्सल नगांचा गाभा पितळेचा असतो, कारण समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजते म्हणून अधिकारी असे नग स्वखर्चाने करवून घेत. बँकेत सोनेतारण कर्जे पाहताना आमचे मूल्यांकनकार कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढून थांबत नसत. वजन, आवाज, डाकाची जागा असे सारे पाहून मगच कागदावर सही करीत. पदकाचेही तसेच.

चांदीवरील शिक्के हा तर वेगळाच आनंद आहे. ‘८००’ हा आकडा म्हणजे हजारात आठशे भाग चांदी. फितीच्या कडीवर इवलीशी अक्षरे असतात. ‘एस-डब्ल्यू’ म्हणजे बर्लिनची सी उंड वाग्नर ही पेढी. जर्मनीत १८८८ पासून चांदीवर चंद्रकोर आणि मुकुट अशी अधिकृत मोहोर येऊ लागली. यावरून एक साधा तर्क निघतो. समोर १८७० कोरलेल्या क्रूसावर चंद्रकोर-मुकुट दिसला, तर तो युद्धाच्या वेळी छातीवर लावलेला नग असू शकत नाही. तो बनावटच असेल असे मात्र नाही. मूळ पदक हरवले, झिजले किंवा गणवेशावर लावण्यास दुसरा नग हवा झाला, की सैनिक सराफाकडून नवा घडवून घेई. असा नग खरा, पण ‘प्रदान केलेला’ नव्हे. भावात या दोहोंत मोठे अंतर पडते.

धातूंवरून देशाचा ताळेबंदही वाचता येतो. ‘पूर ल मेरीत’ हे प्रशियाचे सर्वोच्च सैनिकी पदक, थोरल्या फ्रीड्रिशने १७४० मध्ये स्थापलेले, निळ्या मीनाकामाचे, आणि जर्मन असूनही फ्रेंच नावाचे, कारण राजदरबारात तेव्हा फ्रेंच भाषेचा बोलबाला होता. पहिल्या महायुद्धात ते ६८७ वेळा दिले गेले. आरंभी ते सोन्याचे असे. १९१६ च्या अखेरीस सोने आटले आणि चांदीवर सोन्याचा मुलामा देऊन काम भागवले जाऊ लागले. त्याच वर्षी युद्धसाह्याबद्दल एक नवा क्रूस निघाला, तो थेट जस्ताचा, करड्या रंगाचा. दुसऱ्या महायुद्धातही हाच क्रम दिसतो : आरंभीचे बिल्ले चांगल्या मिश्रधातूचे, नंतरचे जस्ताचे, ज्यांच्यावरचा मुलामा आज उडून गेलेला असतो. १९१६ नंतरचा म्हणून कोणी भरीव सोन्याचा ‘पूर ल मेरीत’ पुढे केला, तर प्रश्न विचारायला हवा.

इथवरची पारख धातूची झाली. परंतु जर्मन पदकांचा खरा पेच धातूत नाहीच. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या वर्गाचे लोखंडी क्रूस सुमारे ५० लाख दिले गेले. एवढ्या ढिगातला एक नग अस्सल ठरला, तरी तो कोणाचा, हे सांगणार कोण? प्रदान केलेल्या नगावर सैनिकाचे नाव कोरण्याची पद्धत तेथे नव्हती.

ब्रिटिशांची रीत निराळी होती. पहिल्या महायुद्धात लढलेल्या आपल्याकडच्या शिपायांना मिळालेल्या पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण असे सारे कोरलेले असते. रायगड जिल्ह्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत जर्मन सैन्याशी लढताना धारातीर्थी पडले; त्यांना मरणोत्तर मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसची रीतच अशी की, वरच्या पट्टीच्या मागे वीराचे नाव आणि क्रूसाच्या मागे पराक्रमाची तारीख कोरली जाते. ज्यांच्याशी ते लढले, त्यांच्यापैकी कोणाचा क्रूस आज बाजारात आला, तर तो मुका असेल. (सराफी करणाऱ्या वाचकांना येथे एक विनंती. ब्रिटिशांचे पहिल्या महायुद्धाचे ‘वॉर मेडल’ चांदीचे असे. सातारा-कोल्हापूरकडून असे एखादे पदक मोडीत आले, तर तराजूत टाकण्यापूर्वी त्याची कड भिंगाने वाचावी. त्या कडेवर कोणाच्या तरी पणजोबांचे नाव असते, आणि घरच्यांना ते पुष्कळदा ठाऊकही नसते.)

जर्मन सैनिकाचे नाव होते ते कागदावर : पदक प्रदान केल्याचे प्रमाणपत्र, सैनिकी सेवापुस्तिका, पलटणीच्या याद्या. त्यातही दैवाने घाव घातला. एप्रिल १९४५ मध्ये पॉट्सडाम शहरावर हवाई हल्ला झाला आणि प्रशियाच्या सैन्याचे दप्तर बहुतांश जळून गेले. बव्हेरियाचे दप्तर मात्र म्युनिकमध्ये वाचले. परिणामी बव्हेरियन शिपायाचा माग आज लागू शकतो, आणि प्रशियन शिपायाच्या बाबतीत घरात उरलेला पिवळा कागद हाच पुष्कळदा एकमेव पुरावा असतो. आम्ही बँकेत गहाणखत करताना मालकीची साखळी तपासत असू. एक दस्त गहाळ असला तरी वकील कर्ज अडवून धरी. पदकाच्या बाबतीत ती साखळी म्हणजे हा कागद. म्हणून माझा नवोदित संग्राहकाला आग्रह आहे की, कागदाशिवायचे दहा क्रूस घेण्यापेक्षा कागदासह एक घ्यावा.

कागद नसेल तर दुसरा आधार असतो तो पदकपट्टीचा. निवृत्त सैनिक आपली सर्व पदके एका पट्टीवर ओळीने शिवून घेत. १८७१ चे जर्मन साम्राज्य म्हणजे २५ घटकांचे मंडळ होते. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग ही चार राज्ये आणि बाकी लहानमोठी संस्थाने व शहरे. बहुतेकांची पदके स्वतंत्र. त्यामुळे पट्टीवर कोणत्या पदकाशेजारी कोणते आहे, यावरून माणूस कोठला, कोणत्या युद्धात होता, अधिकारी की शिपाई, हे बरेचसे उकलते. फितीचे रंगही बोलतात. लोखंडी क्रूसाची काळी, पांढऱ्या पट्ट्यांची फीत लढणाऱ्याची. पांढरी, काळ्या पट्ट्यांची फीत न लढता सेवा करणाऱ्याची.

या मंडळातील तीन शहरांविषयी थोडे सविस्तर लिहिण्याचा मोह मला आवरत नाही. हॅम्बुर्ग, ब्रेमेन आणि ल्यूबेक ही जुन्या हान्झा व्यापारी संघाची शहरे. राज्य चालवीत ते व्यापारी घराण्यांतील पुढारी. या शहरांत अशी परंपरा होती की, सभ्य नागरिकाने कोणत्याही राजाचे पदक छातीवर लावू नये; बरोबरीच्या माणसांत उंचनीच कशाला? पुढे जर्मनीचे चान्सलर झालेले हेल्मुट श्मिट यांनीही हॅम्बुर्गच्या या रिवाजाचा मान राखून आपल्या देशाचा सन्मान नाकारला होता. अशा या शहरांना पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, स्वतःचे पदक काढावेसे वाटले, यावरून त्या वर्षांचे वारे लक्षात यावे. हा हान्झा क्रूस लाल मीन्याचा. मध्यभागी हॅम्बुर्गचा किल्ला, ब्रेमेनची किल्ली किंवा ल्यूबेकचा दुतोंडी गरुड. पाठीमागे युद्धातील सेवेचा उल्लेख आणि १९१४ हे वर्ष. ल्यूबेकचे सर्वांत कमी निघाले, म्हणून त्यालाच भाव. मीन्याला तडा गेला आहे काय, हे तिरप्या उजेडात पाहावे. डागडुजी केलेला मीना मूळ रंगाशी क्वचितच जुळतो.

आता ज्या पदकाला बाजारात जवळजवळ किंमतच नाही, त्याकडे येतो. १३ जुलै १९३४ रोजी वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी महायुद्धातील सर्वांसाठी एक मानाचा क्रूस जाहीर केला. लढलेल्यांसाठी तलवारींसह, न लढलेल्यांसाठी तलवारींविना, आणि तिसरा काळ्या रंगाचा, धारातीर्थी पडलेल्यांच्या विधवांसाठी व आईवडिलांसाठी. अर्ज करून तो मिळवावा लागे. सारे मिळून ८० लाखांहून अधिक वाटले गेले. सूचीत याची नोंद एका ओळीत उरकतात. काळा क्रूस हातात घेतला की मात्र हिशेब वेगळा लागतो : कोणा आईने मुलाच्या मृत्यूचा दाखला जोडून, सरकारी नमुन्यात अर्ज भरून तो घेतलेला असतो.

याच क्रूसाच्या प्रमाणपत्रांत काही नावे ज्यू असतात. हिंडेनबुर्ग ऑगस्ट १९३४ मध्ये वारले. त्यानंतरची प्रमाणपत्रे हिटलरच्या नावाने निघाली. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात सुमारे १ लाख ज्यू होते, त्यांतील सुमारे १२,००० प्राणास मुकले. स्वतः हिटलरला पहिल्या वर्गाचा लोखंडी क्रूस मिळावा अशी शिफारस करणारा अधिकारी, ह्यूगो गुटमान, हा ज्यू होता. ज्यांचे नागरिकत्व हिरावले जात होते, त्यांनाच त्याच राजवटीने युद्धातील सेवेचा क्रूस पाठवला, आणि त्यांपैकी अनेकांनी तो ढालीसारखा जपला. दुकानात, दिवाणखान्यात, कागदासह. जानेवारी १९४२ मधील वान्झे येथील बैठकीच्या टिपणात पदकधारकांचा वेगळा उल्लेख आहे. पहिल्या वर्गाचा लोखंडी क्रूस असलेल्या ज्यूंना थेरेझिएनश्टाट (आजच्या चेक प्रजासत्ताकातील तेरेझीन) येथे पाठवावे, अशी ती तजवीज. तेथून पुढे हजारोंना आउशवित्झला नेले गेले. क्रूसाने दिली ती एवढीच सवलत.

अशा कुटुंबांचे वाचलेले कागद आणि पदके आज न्यूयॉर्कच्या लिओ बेक इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी एकत्र जपली आहेत. ‘एकत्र’ या शब्दावर माझा भर आहे. ज्यू शिपायाचा क्रूस आणि इतर कोणाचाही क्रूस यांत धातूने, ठशाने, वजनाने तिळमात्र फरक नसतो. फरक फक्त शेजारच्या कागदात असतो. आणि बाजाराचा कल कोणता? एखाद्या घरातून पट्टी, प्रमाणपत्रे, छायाचित्रे, सेवापुस्तिका असा संच आला, की काही विक्रेते तो फोडतात. क्रूस एकाला, फीत दुसऱ्याला, सहीचा कागद स्वाक्षऱ्या जमवणाऱ्याला, छायाचित्र चौथ्याला. सुट्या मालाची बेरीज संचापेक्षा जास्त येते, हे गणित आपल्याला समजावून सांगायला नको. मी उभी हयात नफ्यातोट्याच्या आकड्यांत काढली. व्यापाराने नफा पाहू नये असे मी म्हणणार नाही. तरीही हा धंदा मला मान्य नाही. फोडलेला संच पुन्हा जुळत नाही, कारण नाव असलेला एकमेव दुवा तेथे तुटतो. पाच वर्षांनंतर त्यांतला प्रत्येक तुकडा कोणाचाही असू शकतो.

नाझी काळातील पदके गोळा करावीत काय, हा प्रश्न घरात लहान मुले असणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा. त्यांवरील चिन्ह पाहून आपल्या अष्टमंगलातील स्वस्तिकाची आठवण होते, पण जर्मन भाषेत त्याचे नाव हाकेनक्रॉइत्स, म्हणजे आकडीचा क्रूस. जर्मनीत ते जाहीर दाखवणे गुन्हा आहे. तेथील विक्रेते सूचीतील चित्रांत ते झाकतात. १९५७ च्या कायद्याने जुन्या सैनिकांना १९३९ चा क्रूस ते चिन्ह काढून, त्या जागी ओकची पाने घालून वापरण्याची मुभा दिली. माझा कल १९१८ पर्यंतच थांबण्याकडे आहे. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे. त्या मापानेही पहिल्या महायुद्धाचा क्रूस आता जुना ठरतो.

अपवाद म्हणून एका गटाचा उल्लेख करतो, कारण भारतीय संग्राहक त्याच्या मागे असतात. नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मनीत असताना १९४२ मध्ये आझाद हिंदची पदके स्थापन झाली. शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद ही त्यांतली नावे. ती घडवली व्हिएन्नाच्या रुडोल्फ सुवाल पेढीने. याच पेढीने युद्धानंतरही संग्राहकांसाठी जुनी पदके पाडून विकली. मूळ ठसा, तीच पेढी, पण काळ नंतरचा. अशा वेळी भिंग काय सांगणार? भावनेच्या भरात मोठी रक्कम मोजण्याआधी कागद मागावा, आणि कागद नसेल तर हात आखडता घ्यावा.

फितीच्या पारखीसाठी रोखपालाच्या मेजावरचा नोटा तपासण्याचा अतिनील दिवा उपयोगी पडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर धाग्यांत रूढ झालेली उजळवणारी रसायने त्याखाली निळसर चमकतात. जुनी रेशमी वा सुती फीत मंद राहते. मात्र जुन्या क्रूसाला नंतर कोणी नवी फीत लावलेली असू शकते, तेव्हा चमकली म्हणून क्रूस नकली ठरत नाही.

जतनाविषयी थोडेसे. पदक घासून चकचकीत करू नये. काळवंडलेली चांदी हा त्याच्या वयाचा दाखला आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत लोखंडी गाभा रंगाखालून गंजतो, म्हणून डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्याआधी बदलाव्यात. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून निघणारे आम्ल धातूला हिरवट करते. त्याऐवजी आम्लरहित कागद वापरावा. प्रमाणपत्राची घडी उलगडून ते सपाट ठेवावे, पण पदकाला चिकटवू नये. प्रत्येक संचाला एक क्रमांक द्यावा आणि वहीत कोणाकडून, केव्हा, कितीला घेतले, सोबत काय काय होते, हे शाईने लिहावे. फीत सुटून आली तर नव्याने शिवू नये; ती त्याच क्रमांकाच्या पाकिटात, त्याच क्रूसाशेजारी ठेवावी.